आतलं हँडल

४ एप्रिल

दुकानाची पाटी आज लागली. रंगाऱ्यानं 'ऑटो इलेक्ट्रिक' नीट काढलं, पण त्याखाली 'सीट कव्हर शिवून मिळतील' हे एवढं मोठं लिहिलं की लांबून बघणाऱ्याला वाटावं, दुकान हिचंच आहे आणि मी मदतनीस. ही शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "मग चुकलं काय त्यात?"

डायरी लिहायची सवय नाही. नव्या धंद्याबरोबर तीही सुरू करून बघतो. मोठ्या वर्कशॉपमधली नोकरी सोडली म्हणून भावानं वेड्यात काढलं. पण तिथे दिवसभर नुसते बल्ब बदलायचे. मला आवडतं ते काम वेगळं. कंपनीनं गाडीत न दिलेली बटणं बसवायची: धुक्यातले दिवे, पायाशी मंद उजेड, मागच्या माणसांना पंखा. लोकांना वाटतं, भोक पाडलं, बटण खोचलं, झालं. तसं करणाऱ्यांच्या गाड्या मग पेट घेतात. बटणाला स्वतःचा फ्यूज हवा, तारेला आवरण हवं, आणि पॅनेल परत बसवल्यावर कुणाचा हात लागलाय हे कळता कामा नये.

७ एप्रिल

पहिलं खरं मनासारखं काम. गडद निळी गाडी. मालक कडक इस्त्रीतले, सेंटचा मंद वास, बोलणं लोण्यासारखं. स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला चार बटणांची ओळ हवी होती. संध्याकाळी त्यांनी खाली वाकून, बॅटरी मारून आतल्या तारा पाहिल्या. असं कुणी बघत नाही. म्हणाले, "तुमच्या हाताला सफाई आहे. माझे बरेच मित्र आहेत, सगळ्यांना पाठवतो."

ही म्हणते, मी त्यानंतर दुकान बंद करेपर्यंत शीळ घालत होतो. असेन.

हिनं त्यांचं नाव 'सेंटवाले' ठेवलंय.

१५ एप्रिल

सेंटवाले परत आले. या वेळी मागच्या सीटवर त्यांची बायको होती. ती उतरली नाही. साहेबांनी मला शटरपाशी नेलं.

"जरा नाजूक काम आहे. मिसेसची तब्येत बरी नसते. मनाची. मध्यंतरी चालत्या गाडीचं दार उघडलं तिनं. थोडक्यात वाचली."

मी म्हणालो, मागच्या दारांना लहान मुलांसाठी खटका असतो, तो फिरवला की आतलं हँडल चालत नाही.

"तो तिला कळलाय. बसता बसता गुपचूप फिरवून ठेवते. मला माझ्या हाताशी बटण हवंय. मी दाबलं की मागची दारं आणि काचा, आतून बंद."

मी म्हणालो, करतो. माणूस किती सोसत असेल आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाही. पुढारलेला माणूस म्हणायचा, बायकोला घरात कोंडून ठेवत नाही, बरोबर घेऊन फिरतो.

१७ एप्रिल

काम छान झालं. दाराच्या पोटात छोटी मोटर बसवली, तार बिजागरीच्या रबरी नळीतून नेली. बटण दाबलं की 'टक्', आणि हँडल नुसतं लोंबकळतं.

चाचणीला साहेब बायकोलाच घेऊन आले. त्यांना फोन आला म्हणून ते रस्त्यापलीकडे गेले. तेवढ्यात बाई बोलल्या. आवाज अगदी साधा, शाळेत शिकवणाऱ्यासारखा.

"ही तार पुढे कुठे जाते?"

मला बरं वाटलं. गिऱ्हाइकाला सहसा कशाचं काही पडलेलं नसतं. मी त्यांना सगळं समजावलं. फ्यूज कुठे, बटणाची तार कुठून फिरते. त्यांनी विचारलं, "आणि हॉर्नची? गाडी बंद असली तरी तो वाजतो का?" मी म्हणालो, वाजतो की, त्याला किल्ली लागत नाही, बॅटरी असली की बास. त्यांनी मान हलवली. साहेब परत येताना दिसले तशा त्या पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. आजारी माणसाचं असंच असतं, मध्येच लख्ख, मध्येच विझलेलं.

साहेबांना मी म्हणालो, "बाईसाहेब हुशार आहेत हो. हॉर्नची तार कुठून जाते तेसुद्धा विचारलं." ते हसले. मला वाटलं, चार चांगले शब्द ऐकून त्यांना धीर आला असेल.

गाडी गेल्यावर ही म्हणाली, "तिच्या हातात मोबाईल नव्हता. पर्स नव्हती. पायात घरातल्या सपाता होत्या."

"तुला गाडीत बसलेल्या बाईच्या सपाता कुठून दिसल्या?"

"दार उघडं होतं तेव्हा. तुम्ही तारा दाखवत होतात."

२० एप्रिल

एक टेम्पो, वायपर चालत नव्हता. साहेबांनी पाठवलेले दोन मित्र आले, दोघांनाही दिव्यांची बटणं हवी होती. हिच्याकडेही कव्हरांची रीघ लागलीय. बरं चाललंय.

२४ एप्रिल

आज साहेब एकटेच आले. दोन कामं. रिमोटनं बाहेरून लॉक केलं की आतलं एकही हँडल चालता कामा नये, पुढचंसुद्धा. आणि गाडी लॉक असताना हॉर्न वाजता कामा नये.

मी जरा अडखळलो. म्हणालो, "चालत्या गाडीचं समजलं साहेब. पण उभ्या गाडीत...?"

"मी पाच मिनिटं कुठे उतरलो तरी ती पुढच्या सीटवर येऊन दार उघडते, रस्त्यावर धावत सुटते. एकदा ट्रकखाली येता येता वाचली. सांगा, काय करू मी?"

"आणि हॉर्न?"

"हॉर्नवर हात ठेवून बसते हो. माणसं जमतात. तमाशा होतो."

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? ते म्हणाले, "डॉक्टर औषध देतात. चोवीस तास सांभाळतो मी." आणि डोळे पुसले. खरोखर पुसले. मी पुढे काही विचारलं नाही.

२५ एप्रिल

काम केलं. लॉक लागलं की वीज तोडणारा एक रिले घातला, हॉर्नची तार त्यातून वळवली. गाडी लॉक करून आत बसलेल्या साहेबांना म्हटलं, दाबा. त्यांनी दोन्ही हातांनी दाबला. काहीच नाही. काचेतून ते अंगठा दाखवत होते आणि मला एकदम कसंतरी झालं. पॅनेल बसवताना एक स्क्रू हातातून तीनदा पडला. माझा स्क्रू पडत नाही.

जेवताना हिला सांगितलं. तिनं घास खाली ठेवला.

"म्हणजे त्या बाईला आत ठेवून हा निघून गेला, तर तिनं कुणाला हाक कशी मारायची?"

"पाच मिनिटांसाठी गं."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांनी."

"तिला विचारलंत?"

"आजारी माणसाला काय विचारायचं!"

"आजारी आहे हे कोणी सांगितलं?"

मी चिडलो. म्हणालो, तुला सगळ्या पुरुषांमध्ये राक्षस दिसतो. मी नाही केलं तर दुसरा कोणी करणार, आणि तारा उघड्या ठेवून करणार. ती उठून गेली. ताट तसंच.

२६ एप्रिल

दिवसभर बोलणंचालणं नाही. मशीन मात्र धडधडत होतं, कानात खिळे ठोकल्यासारखं.

उन्हं तापायला लागलीत. दुपारी माझ्याच गाडीत बसलो तर स्टिअरिंगला हात लावता येईना.

२७ एप्रिल

आपण होऊन मीच विषय काढला. म्हटलं, दोन्ही बाजूंनी विचार केलाय. बाई खरंच आजारी असतील आणि मी लॉक काढलं, तर त्या गाडीखाली जातील आणि ते माझ्या माथी. नसतील आजारी, तर मी पिंजरा बांधून दिलाय. कसंही झालं तरी मीच.

ही म्हणाली, "मग असं काहीतरी करा की चालत्या गाडीत उघडणार नाही आणि उभ्या गाडीत उघडेल."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. हे मला सुचायला हवं होतं. इंजिन बंद असतानाच चालेल असं एक बटण, डावीकडच्या मागच्या दारासाठी. पण ठेवायचं कुठे?

"शिवणीत," ती म्हणाली. "सीटच्या पुढच्या कडेला. वरून हात फिरवला तरी नुसता कापडाचा गोळा वाटेल. मागच्या सीटची शिवण उसवलीय असं सांगून गाडी मागवा. फुकट करून देतो म्हणा."

३० एप्रिल

झालं. साहेब समोरच्या बाकावर बसून होते, उठायलाच तयार नाहीत. तार गालिच्याखालून नेताना माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. बाई आल्या होत्या, शेजारी उभ्या होत्या. हिनं साहेबांसमोरच त्यांना सीटवर बसवलं. "ताई, जरा बसून बघा, टोचतंय का." आणि त्यांचा हात धरून शिवणीवर ठेवला. मी साहेबांना बोलण्यात गुंतवलं, गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल. काय बोललो देव जाणे.

नंतर हिनं सांगितलं. ती त्यांच्या कानाशी म्हणाली, "गाडी बंद असली की हे दाबा, दार उघडेल." बाईंनी हात काढून घेतला नाही. फक्त म्हणाल्या, "उगाच तुम्ही अडकाल."

हिनं सुया डबीत ठेवल्या. मग म्हणाली, "वेडं माणूस असं बोलेल?"



५ मे

काही बातमी नाही. रस्त्यानं रुग्णवाहिका गेली की दोघंही हातातलं काम थांबवतो आणि एकमेकांकडे बघायचं टाळतो.

९ मे



सकाळी शटर वर केलं तर साहेब दारात उभे. एकटेच. गाडीही नव्हती. हसून आत आले, माझ्या टेबलावर रुमाल ठेवला आणि उलगडला. आत ते बटण. तार कापलेली, हिच्या दोऱ्याचा तुकडा अजून चिकटलेला.

"हे तुमचं माझ्या गाडीत राहिलं होतं."

म्हटलं, "सुरक्षेसाठी असतं साहेब. आग वगैरे लागली तर..."

"हो का? मग मला का नाही सांगितलंत?" ते हळू बोलत होते. "मला काही शोधावं लागलं नाही. तिनंच दाखवलं. विचारलं की सांगते ती सगळं, जरा वेळ लागतो." मग हिच्याकडे वळले. "वहिनी, शिवण मात्र सुरेख आहे. डोळे जपा. बारीक काम करणाऱ्यांचे डोळे लवकर जातात."

ते गेल्यावर हिनं कात्री टेबलावर ठेवली. तोपर्यंत मला दिसलंच नव्हतं की ती तिच्या हातात होती.

ही म्हणाली, "'जरा वेळ लागतो' म्हणाला तो. ऐकलंत ना?"

ऐकलं.

१० मे

पोलीस ठाण्यात गेलो. जाताना दोनदा परत फिरलो. पहिल्यांदा पानाच्या टपरीपर्यंत, दुसऱ्यांदा ठाण्याच्या पायरीवरून. ही बरोबर होती, दोन्ही वेळा थांबून राहिली.

बाहेरच्या टेबलावरचा हवालदार म्हणाला, नवरा-बायकोचं भांडण आहे, तुम्ही कोण? त्यावर ही इतक्या चढ्या आवाजात बोलली की आतल्या खोलीतून इन्स्पेक्टर बाई बाहेर आल्या. थोराड, केस पांढरे झालेल्या, चष्मा कपाळावर. त्यांनी आम्हाला आत बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"बाईंची तक्रार आहे?"

"त्या येणार कशा?"

"पुरावा?"

"गाडीच पुरावा आहे. हँडल ओढून बघा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हे तुम्ही केलंय. लिहून घेतलं तर तुमचंही नाव येणार. उद्या गिऱ्हाइकं विचारतील, तुमच्याकडे गाडी द्यावी का. समजतंय ना?"

मी म्हणालो, समजतंय. खरं तर समजत नव्हतं. सही केली. बटणही त्यांना दिलं.

परत येताना मी म्हटलं, आता साहेबांचे मित्र काही येत नाहीत. ही म्हणाली, "नाही आले तर सीट कव्हरं आहेत. पाटी मोठी आहेच."

१३ मे

लिहायला घेतो आणि ठेवून देतो. तरी लिहून काढतो.

दुपारी जेवणाच्या वेळेला इन्स्पेक्टर बाईंचा फोन. "तुमची निळी गाडी दिसलीय. कचेऱ्यांच्या इमारतीमागे. काचा काळ्या आहेत, आतलं दिसत नाही. लगेच या, गाडी तुम्हाला माहीत आहे." हत्यारांची पिशवी उचलली आणि स्कूटर काढली. ही मागे बसली.

उघडं आवार, एक झाड नाही. डांबर पायाला चिकटत होतं. गाडी मधोमध उभी, काचांवर आता काळी फिल्म. इन्स्पेक्टर बाई दोन्ही तळहातांनी काचेवर थापा मारत होत्या. मी काचेला डोळे लावले. बाई ड्रायव्हरच्या सीटवर होत्या. पुढे झुकलेल्या, कपाळ स्टिअरिंगवर, दोन्ही हात स्टिअरिंगच्या मधोमध.

"उघडा!" इन्स्पेक्टर बाई माझ्यावर ओरडल्या. "तुम्ही केलंय ना? उघडा!"

रिमोटशिवाय बाहेरून उघडायची मी जागाच ठेवली नव्हती. बॉनेट आतून उघडतं. खालून तार कापून उपयोग नाही, वीज गेली तरी लॉक आहे तिथेच राहतं. हे सगळं मलाच माहीत होतं, कारण मीच ते इतकं पक्कं केलं होतं. मी वेड्यासारखा गाडीभोवती एक चक्कर मारली.

"काच!" ही ओरडली. "काच फोडा ना!"

शिपाई दांडक्यानं मागच्या काचेच्या मध्यावर मारत होता, दांडकं नुसतं उडत होतं. मी म्हणालो, कोपऱ्यात, कोपऱ्यात. पिशवीतून लोखंडाला खूण पाडायचा टोकदार पंच काढला, खालच्या कोपऱ्याला टेकवला आणि हातोडी मारली. सगळी काच साखरेसारखी फुटून फिल्मसकट खाली आली. आतून भट्टीसारखी वाफ तोंडावर आली.

मी आत शिरलो. दोन सीटच्या मधून त्यांना ओढलं. ही बाहेरून ओढणी काचेच्या कडेवर पसरून उभी होती. इन्स्पेक्टर बाईंनी काखेत हात घातले. बाहेर काढलं तेव्हा त्यांचं अंग कोरडं होतं. घामसुद्धा संपला होता. सावली अशी नव्हतीच, म्हणून आम्ही तिघं त्यांच्यावर वाकून उभे राहिलो आणि हिनं थेंब थेंब पाणी ओठांना लावलं.

तेवढ्यात इमारतीच्या मागच्या दारातून साहेब धावत आले. "अहो, काय चाललंय? गाडी माझी आहे!"

इन्स्पेक्टर बाईंनी मान वर केली. "आणि या?"

"ती आजारी आहे! विचारा या माणसाला, यानंच लॉक बसवलंय. सगळं माहीत आहे त्याला."

शिपायानं त्यांचा दंड धरला. साहेब माझ्याकडे बघत होते, अगदी पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसं, कौतुकानं, आपला माणूस असल्यासारखं.

बाईंनी डोळे उघडले. बोलायचा प्रयत्न केला, आवाज निघेना. ही वाकली. बाई म्हणाल्या,

"मी हॉर्न वाजवत होते."

रुग्णवाहिका येईपर्यंत ते वाक्य तिथेच होतं.

१८ मे

बाई दवाखान्यात आहेत, बऱ्या होतायत. त्यांची मोठी बहीण आली. साहेबांनी तिला सांगितलं होतं की धाकटीला आता कुणाला भेटायचंच नसतं. दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तपासलं. घाबरलेल्या आहेत, एवढंच म्हणाले. चालत्या गाडीचं दार त्यांनी खरंच उघडलं होतं, ते मात्र खोटं नव्हतं.

मला सारखं वाटतं की हॉर्नचं त्या माणसाला सुचलं कसं. फारच दूरचा विचार करणारा.

दुकानात कुणी आलं नाही. ही एका रिक्षाचं कव्हर शिवतेय.

२७ मे

पोलिसांनी पंचनाम्याला बोलावलं होतं. गाडी ठाण्याच्या आवारात, फुटलेल्या काचेच्या जागी प्लायवूड ठोकलेलं. दोन पंच होते, इन्स्पेक्टर बाई होत्या. आणि बाई होत्या, बहिणीचा हात धरून. ओळखूच आल्या नाहीत. पायात बूट होते.

लॉक कसं चालतं ते दाखवायचं होतं. इन्स्पेक्टर बाईंनी त्यांना हळूच विचारलं, "तुम्ही आत बसाल का? एक मिनिटभर. नाही म्हणालात तरी चालेल."

त्या गाडीकडे बघत राहिल्या आणि मान हलवली. नाही.

मी म्हणालो, मी बसतो.

मागच्या सीटवर बसलो. दार लागलं. किल्ली कुणाकडे द्यायची असं इन्स्पेक्टर बाई इकडे तिकडे बघत होत्या, तर बाईंनी हात पुढे केला. रिमोट त्यांच्या हातात गेला.

'टक्' झालं. तो आवाज बाहेरून मी किती वेळा ऐकला होता, आतून तो वेगळा येतो. चारी बाजूंनी येतो.

पंचांना दिसावं म्हणून मी हँडल ओढलं. लोंबकळलं. दुसऱ्या बाजूचं ओढलं. मग पुढे वाकून हॉर्नवर हात दाबला, पूर्ण वजन टाकून. रबर खाली गेलं आणि वर आलं. बाहेर सगळे बोलत होते, पंच लिहून घेत होते, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. काळ्या काचेतून सगळे लांबच्या माणसांसारखे दिसत होते. हे उघडणार आहे, हे मला माहीत होतं. आवारात पोलीस होते, माझी बायको फाटकापाशी उभी होती. तरी मी पुन्हा हँडल ओढलं. या वेळी पंचांसाठी नाही.

बाई बोलत नव्हत्या. रिमोट हातात धरून काचेपलीकडे उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. नीट, बारकाईनं बघत होत्या. बहीण काहीतरी म्हणाली, त्यांनी ऐकलं नाही. मी हात वर केला नाही. थांबा म्हणायचा किंवा उघडा म्हणायचा हक्क मला आहे असं वाटेना. मांडीवर हात ठेवून बसून राहिलो.

मग त्यांनी बटण दाबलं आणि पुढे येऊन स्वतःच्या हातानं दार उघडलं.

"उतरा," त्या म्हणाल्या.